कुंपणावरचं पिवळं फूल आणि करडा पडलेला केक

पत्र : वर्षभरापासून मला फुलांचे गोड पदार्थ करायचा नाद लागला आहे. आसपासच्या मोकळ्या जागेतून, ओळखीच्यांच्या बागेतून फुलं वेचून आणते. साखर आणि मैदा घरातून काढून टाकले. सगळं मध, खजूर आणि कणकेत करते. पण तीन पदार्थ पार बिघडले. जास्वंदीच्या पाकळ्या घातलेला केक करडा-हिरवट होऊन निघाला. वाढदिवसाच्या गुच्छातले गुलाब दुधात उकळले, ते दूध कडू झालं. लॅव्हेंडरची बिस्किटं खाल्ली की तोंडात साबण गेल्यासारखं वाटतं. याचं एवढं काही नव्हतं. पण गेल्या आठवड्यात माझ्या सहा वर्षांच्या लेकीनं कुंपणावरचं एक पिवळं, घंटेसारखं फूल तोडलं आणि ‘आई, हे केकात घालूया?’ म्हणत तोंडाशी नेलं. मी ते हिसकावून घेतलं. देठातून पांढरा चीक येत होता, पानं लांब आणि चिंचोळी होती. ती खूप रडली. सासूबाई म्हणतात, हे सगळं बंद कर. नवरा म्हणतो, निसर्गातलंच आहे, एवढं काय घाबरायचं? जावेचा दहा महिन्यांचा मुलगा दिवसभर आमच्याकडे असतो, त्यालाही मध घातलेलं थोडंथोडं चाटवते. मी काय करू? — एक आई

ताई,

तुम्ही जे सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंत ते मी आधी घेते. बाळाला मध देणं आजपासून थांबवा. चाटवणंही नको, बिस्किटात भाजलेला मधही नको. मधात कधीकधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि तिथेच विष तयार करतात. घरच्या उकळण्यानं किंवा भट्टीच्या उष्णतेनं हे बीजाणू मरतील असं धरून चालता येत नाही, म्हणून ‘शिजवून दिला तर चालेल’ हा मार्ग नाही. आजवर बाळाला काही झालं नाही तर घाबरून जाऊ नका. पण बद्धकोष्ठ, रडण्याचा आवाज क्षीण होणं, नीट दूध न ओढणं, पापण्या जड वाटणं, अंग सैल पडणं यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि मध दिला होता हे सांगा. जावेलाही हे सांगा. सांगायला अवघड जाईल, पण बाळ तिचं आहे आणि तिला माहीत असायला हवं.

आता ते पिवळं फूल. पत्रावरून झाड ओळखणं मला जमणार नाही आणि जमतं असं कोणी म्हणालं तरी विश्वास ठेवू नका. पण घंटेसारखं पिवळं फूल, लांब चिंचोळी पानं आणि पांढरा चीक हे वर्णन बिट्टीशी, म्हणजे पिवळ्या कण्हेरीशी तंतोतंत जुळतं. बिट्टीचं सगळं झाडच विषारी आहे. बिया सगळ्यात जास्त. तिच्यातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. नेहमीच्या लाल-गुलाबी कण्हेरीचंही तेच, आणि ती शिजवल्यानं किंवा सुकवल्यानं निर्धोक होत नाही. तेव्हा तुम्ही फूल हिसकावलंत ते बरोबरच केलंत. त्या क्षणी गोड शब्दांत समजावत बसायला वेळ नसतो.

यापुढे कधी मुलानं अनोळखी फूल, पान किंवा बी गिळलीच तर तोंडात उरलेलं काढा, पाण्यानं चूळ भरायला लावा, उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. झाडाची फांदी फुलापानांसकट पिशवीत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. लक्षणांची वाट पाहू नका. झाड कोणतं हे कळलं तर डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

पण लेक रडली ती फूल गेलं म्हणून नाही, असं मला वाटतं. वर्षभर ती आईला फुलं तोडून पातेल्यात टाकताना बघते आहे. तिच्या नजरेत फूल म्हणजे खाऊ. तिनं काही चूक केली नाही, तुमच्याकडूनच शिकली. फक्त तुमच्या हातातलं ज्ञान तिला दिसत नाही, कृती तेवढी दिसते. सहा वर्षांच्या मुलीला ‘हे विषारी, ते खायचं’ अशी यादी देऊ नका, ती यादी तिच्या डोक्यात उलटी-सुलटी होईल. एकच नियम द्या आणि तो स्वतःही पाळा: फूल आधी आईच्या हातात, मग टोपलीत, मग घरात, झाडाखाली उभं राहून कोणीच काही तोंडात घालायचं नाही. तुम्हीही नाही. ओळखीच्या गुलाबाची पाकळीसुद्धा तिथे चघळू नका. कारण ती गुलाब बघत नाही, तुमचं तोंड बघते. आणि एकदा शांतपणे तिला सांगा, की त्या दिवशी मी ओरडले कारण मी घाबरले होते. मुलांना एवढं सांगितलं तरी पुरतं.

तुमच्या यजमानांच्या म्हणण्यात बऱ्याच जणांचा समज बोलतो आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देते. इसवी सन पूर्व ४०१ मध्ये झेनोफनच्या ग्रीक सैन्यानं काळ्या समुद्राजवळच्या डोंगराळ भागात पोळ्यांतला मध खाल्ला. सैनिकांना उलट्या-जुलाब झाले, उभं राहता येईना, काही जण वेड लागल्यासारखे वागू लागले. तीन-चार दिवसांनी ते सावरले. तिथल्या मधमाश्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांवर जात होत्या आणि त्या फुलांतलं विष मधात उतरलं होतं. तो मध भेसळीचा नव्हता. तो शंभर टक्के निसर्गातलाच होता. झाड पानंफुलं माणसाच्या पोटासाठी बनवत नाही. खाणाऱ्याला दूर ठेवण्यासाठी त्यात कडू आणि विषारी द्रव्यं भरतं. आपल्याला चालतं ते थोडंसं, आणि तेवढंच आपण शोधून काढायचं असतं.

ते शोधताना काही खुणांवर लोक भरवसा ठेवतात आणि त्या सगळ्या फसव्या आहेत. पक्षी खातात, किडे खातात, वास गोड आहे, चव कडू नाही, शिजवलं की विष जातं. यातली एकही खूण धरू नका. धोतऱ्याच्या फुलाला मंद सुगंध असतो, रातराणीचा तर गल्लीभर दरवळतो, आणि दोन्ही विषारी आहेत. फोनवर फोटो काढून झाडाचं नाव सांगणारी साधनं शोधाची सुरुवात म्हणून ठीक. जेवणाच्या ताटाचा निर्णय त्यांच्यावर सोपवू नका.

नावंसुद्धा फसवतात. जास्मिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सगळ्या वेली जास्मिनम या वंशातल्या नसतात. पिवळ्या फुलांचं, छान वासाचं जेल्सेमियम ‘जेसमिन’ म्हणूनच विकलं जातं आणि त्याचा प्रत्येक भाग विषारी आहे. वाटाण्याची फुलं खाता येतात, पण बागेत शोभेसाठी लावतात तो स्वीट पी विषारी. म्हणून झाडाचं शास्त्रीय नाव कळल्याशिवाय ते स्वयंपाकघरात आणू नका. एल्डरच्या पांढऱ्या फुलांचं सरबत सुंदर होतं, पण लांबून तशाच दिसणाऱ्या पांढऱ्या छत्र्या हेमलॉक या विषारी वनस्पतीलाही येतात. सॉक्रेटिसला प्यायला दिलं ते हेमलॉकच. हेमलॉकच्या पोकळ दांड्यावर जांभळे ठिपके असतात, तर एल्डर हे खोडाला साल असलेलं झुडूप. हा फरक फुलात नाही, दांड्यात आहे. फक्त फुलाकडे बघून ओळख पटवणारा इथेच चुकतो.

माझ्या घरी घडलेली गोष्ट सांगते. मला मोगऱ्याचं दूध करायचं होतं. शेजारच्या मुलांनी संध्याकाळी टोपलीभर कळ्या-फुलं आणून दिली. मी घाईत होते, दिव्याच्या उजेडात ती धुतली आणि रात्रभर दुधात ठेवली. सकाळी गाळताना गाळण्यात दोन फुलं वेगळी दिसली. जरा मोठी, पाकळ्यांच्या कडा मुरडलेल्या, वास नावालाही नाही. दुहेरी तगर होती. तगरीच्या देठातून चीक येतो, मोगऱ्याच्या येत नाही; मी स्वतः तोडली असती तर बोटांनाच कळलं असतं. लिटरभर दूध ओतून दिलं. काहीही झालं नाही, कोणी प्यायलं नव्हतं. पण मुलं दुपारी ते दूध प्यायला येणार होती, आणि हे आठवलं की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. तेव्हापासून दुसऱ्यानं तोडलेलं फूल माझ्या पातेल्यात जात नाही, आणि प्रत्येक फूल ओंजळीतून एकेक करून, दिवसाउजेडी निवडल्याशिवाय भिजवत नाही.

म्हणून तुम्हाला मी नाद सोडा असं म्हणणार नाही, पण पसारा आवरा असं नक्की म्हणेन. या वर्षी दोनच झाडं धरा. गुलाब आणि जास्वंद, जी तुम्ही जन्मभर ओळखता. तिसरं झाड आधी एक वर्षभर नुसतं बघा: पालवी कशी येते, खोड कसं, पान चुरगळल्यावर वास कसा, चीक येतो का, फळ कसं धरतं. फूल आठ दिवसांचं असतं आणि त्या आठ दिवसांत ते दहा झाडांसारखं दिसू शकतं. बारा महिने पाहिलेलं झाड तसं फसवत नाही. जाणकार माणूस मिळाला तर त्याला झाडापाशी नेऊन दाखवा. नवं फूल खाताना पहिल्या वेळी घरातल्या एकाच मोठ्या माणसानं, अगदी थोडं, दुसरा दिवस उजाडेपर्यंत दुसरं काही नवं न खाता. ज्यांना परागकणांची ॲलर्जी आहे त्यांनी कॅमोमाइल, झेंडूच्या कुळातली फुलं, शेवंती यांपासून लांब राहावं. बाकीच्यांनीही पुंकेसर, परागकोश आणि हिरवा भाग काढून फक्त पाकळ्या घ्याव्यात. गरोदर बाईनं किंवा रोजचं औषध चालू असलेल्यानं रानातल्या फुलांचे प्रयोग करू नयेत.

कुठून तोडायचं? वाहत्या रस्त्याच्या कडेचं नको, तणनाशक मारलेल्या बांधावरचं नको, कुत्री फिरवतात तिथलं, त्यांचं मूत पोचेल त्या उंचीवरचं नको. मालकाला विचारून. आणि गुच्छातले गुलाब तर अजिबात नकोत, ताई. ते खाण्यासाठी वाढवलेले नसतात. फुलं निष्कलंक दिसावीत म्हणून त्यांच्यावर जी फवारणी होते ती पोटात जाण्याचा विचार करून केलेली नसते, आणि धुऊन ती पूर्ण जात नाही. किती तोडायचं? एका झाडाची थोडीशी फुलं, बाकीची तिथेच. तोडलेल्या फुलाचं फळ होत नाही, आणि मधमाशीला तेच फूल हवं असतं जे आपल्याला हवं आहे.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण तुमचे तिन्ही बिघाड मला फार आवडले. तिन्हींना स्पष्ट कारण आहे.

केक आधी. जास्वंदीचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. हे रंगद्रव्य आंबटात लाल-गुलाबी राहतं आणि अल्कलीत, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाच्या द्रव्यात, निळं, मग हिरवट पडतं. १६६४ मध्ये रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं व्हायोलेट फुलांच्या पाकात आम्ल घातलं की लाल आणि अल्कली घातलं की हिरवं होतं हे नोंदवलं, आणि पुढे रसायनशास्त्रात आम्ल ओळखण्याची रीत यातूनच पसरली. तुमच्या केकात नेमकं तेच घडलं. खायचा सोडा अल्कली, फेटलेला अंड्याचा पांढरा बलकही थोडा अल्कलीच. त्यात कणकेचा तपकिरी रंग मिसळला की करडा-हिरवट होणार नाही तर काय? उपाय तीन आहेत. सोड्याऐवजी बेकिंग पावडर वापरा आणि पाण्याच्या जागी दही घ्या. याने फरक पडेल, पण लाल केक मिळेल असं समजू नका, कारण भट्टीत रंग तसाही फिकटतो. दुसरा उपाय, पाकळ्या पिठात न घालता त्यांचा अर्क वरून द्या. तिसरा उपाय मला सगळ्यात प्रिय: जास्वंद भाजूच नका. गरम पाण्यात पाच-सहा फुलांच्या पाकळ्या दहा मिनिटं ठेवा, पाणी गढूळ जांभळं होईल, गाळा आणि त्यात लेकीला लिंबाचे चार थेंब पिळू द्या. क्षणात लालभडक. गोकर्णाच्या निळ्या फुलांचं पाणी असंच जांभळं होतं. दूध मात्र या लिंबाच्या पाण्यात घालू नका, फाटेल.

गुलाबाचं दूध कडू का झालं? एक, पाकळीच्या बुडाशी पांढरा टोकदार भाग असतो, तो कडू असतो. कात्रीनं तिरका कापून टाका. दुसरं, तुम्ही उकळलंत. फुलाचा सुगंध उडून जाणारा असतो. उकळताना घरभर वास सुटतो, आपण खूश होतो, पण तो वास पातेल्यातून गेलेला असतो. मागे राहतात ती तुरट, कडू द्रव्यं, जी उष्णतेनं आणखी सुटतात. सुगंध काढायचा तो थंडाव्यात आणि वेळ देऊन. सुगंधी द्रव्यं स्निग्धात चांगली उतरतात, म्हणून पाण्यापेक्षा साय असलेलं दूध किंवा क्रीम घ्या. सुवासिक गुलाबाच्या दोन मूठ पाकळ्या अर्धा लिटर तापवून पूर्ण थंड केलेल्या दुधात बुडवून, झाकून, फ्रीजमध्ये आठ ते दहा तास. मग गाळा, पाकळ्या पिळू नका. ज्या गुलाबाला नाकाला वास नाही त्याला जिभेलाही चव नाही, मग तो कितीही टपोरा असो. गुलाब सकाळी दव वाळल्यावर आणि ऊन चढायच्या आत तोडा. मोगऱ्याच्या कुळातली फुलं रात्री सुगंध सोडतात, म्हणून त्यांच्या टपोऱ्या कळ्या संध्याकाळी घ्यायच्या. डँडेलायनसारखं फूल ऊन असतानाच उघडतं. त्याच्या पिवळ्या पाकळ्या तेवढ्या घ्या, खालचा हिरवा भाग कडूजार असतो.

लॅव्हेंडरचं सांगायचं तर ते फक्त जास्त झालं. त्यातली सुगंधी द्रव्यं साबणातही घालतात, त्यामुळे प्रमाण जरा चुकलं की जिभेला साबण आठवतो. शिवाय काही जातींत कापराचा उग्र वास असतो. खाण्यासाठी लॅव्हेंडुला अंगुस्तिफोलिया ही जात बरी. पाव लिटर दुधाला अर्धा चहाचा चमचा सुक्या कळ्या, पंधरा मिनिटं, मग गाळून टाका. बिस्किटात चुरून घालू नका.

मध, खजूर आणि कणीक याबद्दल माझं मत तुम्हाला रुचणार नाही कदाचित. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शन दिलं. त्यात ज्या साखरा रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं, त्यांत मध आणि पाकही मोजले आहेत. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम. मधाच्या वजनात चार भाग साखरच असते आणि एक भाग पाणी-बिणी. तेव्हा १०० ग्रॅम साखरेऐवजी भरपूर मध घातलेला केक हा गोडच केक आहे. खजूर आणि कणीक यांच्यात तंतू असतात, ते खरं, आणि रोजच्या खाण्यात मी त्यांच्याच बाजूनं आहे. पण फुलाच्या पदार्थात खजूर, गूळ आणि गडद मध हे तिघेही फुलाचा गळा दाबतात. तुम्ही रात्रभर भिजवून मिळवलेला मंद सुगंध खजुराच्या एका पेंडीखाली संपतो. कणकेतला कोंडाही थोडा कडवट असतो आणि जास्त पाणी शोषतो, म्हणून तुमचे केक कोरडेही होत असणार.

मग पौष्टिक कसं करायचं? साखर बदलू नका, कमी करा. फुलाच्या पदार्थात साखर निम्म्यापर्यंत उतरवता येते, कारण सुगंध असला की जिभेला गोडी जास्त वाटते. मैद्याच्या जागी बदामाची पूड किंवा बारीक दळलेले ओट्स घ्या. त्यांची चव सौम्य असते, फुलाला जागा देतात. गोडीसाठी पिकलेलं फळ बरोबर ठेवा. आणि छोट्या वाटीत वाढा. फुलांत जीवनसत्त्वं असतील, पण आपण खातो त्या चिमूटभर पाकळ्यांतून पोषण मिळत नाही. फूल आपण सुगंधासाठी, रंगासाठी, त्या सकाळच्या आनंदासाठी खातो, आणि तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

दोन पदार्थ देते, माझ्या हातचे, नेहमी जमणारे.

गुलाबाच्या दुधाची जेली. वर सांगितल्याप्रमाणे सुगंधी केलेलं दूध गाळून घ्या. साधारण ४०० मिलीलीटर. आगर-आगर (चायना ग्रास) पावडर चार ग्रॅम आणि साखर ३० ग्रॅम हे १०० मिलीलीटर साध्या दुधात मिसळून सतत ढवळत दोन मिनिटं चांगलं उकळा. आगर उकळल्याशिवाय विरघळत नाही आणि फुलाचं दूध उकळायचं नाही, म्हणून ही दोन भांड्यांची रीत. आता फुलाचं दूध बोटाला सुखद गरम लागेल इतकंच तापवा. हे विसरू नका, कारण आगर ३५ ते ४० अंशांपाशी घट्ट होतो. फ्रीजमधलं गार दूध ओतलंत तर लगेच गुठळ्या धरतील. दोन्ही एकत्र करून ढवळा, वाट्यांत ओता, तासाभरात सेट होईल. वर पाकळ्यांऐवजी पिकलेल्या फळाचे तुकडे. दोन दिवसांत संपवा.

दुसरा बदामाचा केक, ज्यात फूल भट्टीत जातच नाही. चार अंड्यांचे पिवळे बलक १०० ग्रॅम साखरेबरोबर फिकट होईपर्यंत फेटा. त्यात २०० ग्रॅम बदामाची पूड आणि लिंबाची किसलेली साल. पांढरे बलक वेगळे, घट्ट फेटून तीन वेळा करून हलक्या हातानं मिसळा. २० सेंटिमीटरच्या भांड्यात, १७० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. याला सोडा लागत नाही, पावडरही लागत नाही. पाक असा: १०० मिलीलीटर पाणी आणि ६० ग्रॅम साखर उकळून गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग मूठभर जास्वंदीच्या किंवा गुलाबाच्या पाकळ्या टाकून झाकण ठेवा. अर्ध्या तासानं गाळून लिंबू पिळा. केक कोमट असताना काट्यानं टोचे मारून चमच्यानं हा पाक मुरवा. रंग लाल राहतो, सुगंधही राहतो. उरलेला पाक फ्रीजमध्ये आठवडाभर. वर बुरशीचा ठिपका दिसला तर सगळाच टाकायचा, ठिपका काढून वापरायचा नाही. साखरेत घोळवलेल्या पाकळ्या दिसायला सुरेख असतात, पण त्यांना कच्चा पांढरा बलक लावतात, म्हणून लहान मुलांसाठी मी त्या करत नाही.

फुलं सुकवायची तर सावलीत, एका थरात, चुरल्यावर कुरकुरीत मोडतील इतकी. अर्धवट सुकलेली बरणीत भरू नका. गोड क्लोव्हरचं गवत ओलसर राहून बुरसटलं की त्यात रक्त गोठू न देणारं द्रव्य तयार होतं. गेल्या शतकात ते खाऊन गाई रक्तस्रावानं मेल्या आणि त्याच शोधातून पुढे वॉरफेरिन हे औषध निघालं. सुगंधी, निरुपद्रवी वाटणाऱ्या वनस्पतीत ओलावा राहिला तर एवढं होऊ शकतं.

राहिल्या सासूबाई. त्या ‘बंद कर’ म्हणतात तेव्हा त्यांना नातीच्या तोंडाशी गेलेलं ते फूल दिसत असणार, तुमचा केक नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना सांगा की आता फक्त दोन झाडं, आणि फुलं निवडताना त्यांनी समोर बसावं. एका जोडीपेक्षा डोळ्यांच्या दोन जोड्या बऱ्या, आणि त्यांच्या पिढीला कोणत्या झाडाला चीक येतो हे आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं. मधाचं मात्र त्यांनाही स्पष्ट सांगा, कारण बाळाला चाटवणारे हात घरात एकाहून जास्त असतात.

आणि लेकीसाठी एक कोरी वही आणा. एका पानावर एक झाड. तिनं चित्र काढायचं, तुम्ही नाव लिहायचं, पान आणि फूल दाबून चिकटवायचं, चीक येतो की नाही ते लिहायचं. पहिलं पान गुलाबाचं, दुसरं जास्वंदीचं. तिसऱ्या पानावर कुंपणावरचं ते पिवळं झाड येऊ द्या, पण त्याचं काहीही चिकटवायचं नाही. तिनं ते लांबून बघून काढायचं, आणि वर लाल खडूनं काय लिहायचं ते तिलाच विचारा.